दिवसाउजेडी वेंगुर्ल्याला

रोज संध्याकाळी चहा झाला की जयराम आणि मथुरा गाडीतून फिरायला जात. गाडी मात्र घरापुढच्या खळ्यातल्या, माडाच्या चुडतांच्या मांडवाखालून तसूभरही हलत नसे.

आधी जयराम फडक्याने पुढची काच पुसायचा. मग डाव्या हाताचं दार उघडून धरायचा. मथुरेचे गुडघे चार वर्षांपासून धरलेले. ती सीटवर आडवी टेकायची, दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घ्यायची आणि ‘हां’ म्हणायची. तो दार लावून, पुढून वळसा घालून आपल्या जागेवर यायचा, स्टिअरिंगवर हात ठेवायचा आणि विचारायचा, “खंय जावया?”

“खंयव जावया,” मथुरा म्हणायची. “पण सावकाश घ्या हां.”

आणि प्रवास सुरू व्हायचा. देवबागेकडून मालवणात शिरणारा रस्ता, बाजारातली गर्दी, मग कुंभारमाठची चढण. चढणीला जयराम खरोखर गिअर बदलायचा. चौके जायचं, कट्टा जायचं. मथुरा बंद काचेतून समोरच्या दगडी गडग्याकडे बघत सांगायची, “ता बगा, त्या घरार नवे नळे घातल्यानी.” कसालला दोघं थांबून भजी खायची. एकदा ती म्हणाली, आज भजी थंड आहेत, तर जयरामने तिथल्या हॉटेलवाल्याला मनापासून दोन शिव्या हासडल्या. गडग्यापलीकडून शेजारचा बाबली ओरडायचा, “काकानू, माका वाटेत सोडशात काय?” आणि जयराम शांतपणे सांगायचा, “शिटा फुल्ल आसत.”

कसालवरून गाडी हमरस्त्याला लागायची, भंगसाळ नदीचा पूल यायचा, कुडाळ यायचं. आणि कुडाळ आलं की मथुरा म्हणायची, “फिरवा आता. दिवाबत्ती रवली.” पुढचं वेंगुर्ला रोज राहून जायचं.

वेंगुर्ल्याला मथुरेची थोरली बहीण होती, यशोदा. तिच्याशिवाय मथुरेला माहेरचं म्हणून या जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. गेल्या शिमग्यात यशोदा न्हाणीत घसरून पडली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर होती. तिची पोस्टकार्डं यायची. शेजारची कुणी मुलगी लिहून द्यायची, त्यामुळे अक्षर सुरेख आणि मजकूर यशोदेचा. शेवटच्या कार्डात एवढंच होतं : ‘मथुरे, तू येशील म्हणून मी रोज दाराकडे तोंड करून निजते.’ ते कार्ड मथुरेने तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. दुसरी कार्डं भिंतीच्या खुंटीला तारेत ओवलेली होती, हे तेवढं वेगळं.

एस.टी.ची उंच पायरी मथुरेला चढता येत नव्हती. एकदा तिने भीतभीत भाड्याच्या गाडीचं नाव काढलं. त्यावर जयराम दोन दिवस जेवणाच्या पाटावर बोलला नाही. तीस वर्षं ज्याने डॉक्टर नाबरांची अँबॅसिडर चालवली, त्याच्या बायकोने दुसऱ्याच्या गाडीत बसायचं? दारात गाडी असताना?

गाडी दारात होती हे खरंच. दोन वर्षांमागे डॉक्टर गेले. बाईसाहेब मुलाकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा त्यांनी किल्ली जयरामच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही.” तीस वर्षांत मथुरा त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. पेशंट बसले, डॉक्टरांचे पाहुणे बसले, एकदा गणपतीही बसला होता, पण ड्रायव्हरच्या बायकोने बसायची रीत नव्हती. आता गाडी आपली झाली म्हणून तिने त्या दिवशी बॉनेटवर मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि महिन्याच्या आत जयरामने येऊन सांगितलं, “डायनॅमो गेलो. आता ही रस्त्यार काडूची नाय.”

डायनॅमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. जुन्या गाडीचा डायनॅमो मालवणात मिळेना, कोल्हापुरात मिळेना. जयरामने गाडीची सेवा मात्र सोडली नाही. दर रविवारी इंजिन चालू करून पाच मिनिटं ठेवायचं. दर महिन्याला बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून बाजारात चार्जिंगला न्यायची. टायरांत हवा भरायची. देवळातल्या पुजाऱ्याने देवाचं इतकं केलं नसेल. देव मात्र देवळाबाहेर यायचा नाही.

सत्याऐंशीच्या नवरात्रात पुण्याहून पार्सल आलं. डॉक्टरांचा मुलगा श्रीपाद मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याला जयरामने उगाच कधीतरी पत्रातून कळवलं होतं. श्रीपादने डायनॅमोच्या जागी बसेल असा नवाकोरा अल्टरनेटर पाठवला. चंदेरी, जाळीदार, हातात घेतला तर भरीव लागणारा. सोबत नवे ब्रॅकेट, वायरी आणि चिठ्ठी. चिठ्ठीच्या शेवटी लाल शाईने लिहिलं होतं : ‘जयरामकाका, एकच जपा. बॅटरीची प्लस कुठली आणि मायनस कुठली हे दहा वेळा बघा. डायनॅमो बिचारा उलटसुलट सोसायचा. हा सोसणार नाही. क्षणात जळेल.’

मथुरेने चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिने माळ्यावरून काकडी काढली आणि काकडीचं गोड धोंडस करायला रवा भाजायला घेतला. यशोदेला धोंडस आवडायचं. जयराम बघत राहिला. आनंद व्हायला हवा होता, पण तो रव्याच्या खमंग वासातही होईना.

काम त्याने दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी काढलं. ऑक्टोबरचं ऊन वाळूवर पसरलेलं, माडांच्या सावल्या आखडत चाललेल्या, पलीकडे समुद्र अर्धवट झोपेत कूस बदलावी तसा मधूनच वाजत होता. घाई म्हणून कसली नव्हती. जयरामने आधी बॅटरी सोडवून बाहेर काढली आणि सुपारीच्या विरीवर, झावळाच्या वाळक्या रुंद बुडावर, ठेवली. बॅटरी जुनी. डोक्यावरच्या डांबरात प्लस-मायनसच्या खुणा कधीच्या झिजलेल्या. दोन शिशाच्या खुंट्या, दोन्ही सारख्याच काळ्या. बाजारातल्या चार्जिंगवाल्याने बोट ठेवून दाखवलं होतं, ही प्लस. ते विसरू नये म्हणून जयरामने देव्हाऱ्यातलं कुंकू आणून त्या खुंटीला बोटभर लावलं. डॉक्टरांकडे असतानाचीच ही त्याची पद्धत होती. लाल तिकडे प्लस. यात कधी चूक झाली नव्हती.

मग तो बॉनेटखाली शिरला. जुना डायनॅमो तीन बोल्टांवर. दोन निघाले, तिसऱ्याने चांगला तासभर दम काढला. रॉकेल पाजलं, ठोकलं, गोंजारलं, आईबहीण काढली, मग तो निघाला. डायनॅमो हातात आला तसा जयरामला त्याचा जुना मित्र सांतान आठवला. सांतानने सगळा जन्म बोटींच्या इंजिनखोल्यांत काढला होता. तो सांगायचा, यंत्र कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस. हे आत्ता कशाला आठवावं, असं जयरामला वाटलं, आणि त्याने डायनॅमो चुडतांमागे ठेवून दिला, नजरेआड.

अल्टरनेटर नव्या ब्रॅकेटवर चपखल बसला. पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण बघितला. चिठ्ठीत होतं तशा वायरी जोडल्या. उरली फक्त बॅटरी. तोवर ऊन डोक्यावर आलं आणि मथुरेने पानं घेतली. काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी. सोलकढीवर जयरामचे डोळे मिटायला लागले. “वाईच पडतंय,” तो म्हणाला आणि ओसरीवर आडवा झाला.

मथुरा भांडी आवरून पूजेला बसली. खंडेनवमी म्हणजे घरातल्या हत्यारांचा दिवस. तिने विळी, कोयता, खोरं पुसून ठेवलं. पाने-पक्कड एका सुपात मांडली. काठी टेकत गाडीपाशी गेली, स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, अल्टरनेटरला हळदकुंकू लावलं, त्याच्यापुढे हात जोडून पुटपुटली, “बाबा, माका माझ्या भयणीकडे ने.” मग तिचं लक्ष बॅटरीकडे गेलं. एका खुंटीला कुंकू, दुसरी भुंडी. असं कसं? सणासुदीच्या दिवशी एकीच्या कपाळी कुंकू आणि दुसरीचं कपाळ पांढरं ठेवायचं? तिला ते बघवेना. पुरुषांना हे कळत नाही, असं म्हणत तिने दुसऱ्या खुंटीला चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. पहिलीचं तेलाच्या हातांनी काळवंडलं होतं, तिला पदराने पुसून तिच्यावरही एक पुसटशी टिकली टेकवली. दोघी आता सवाष्णी दिसू लागल्या. वर एकेक फूल वाहिलं.

ओसरीवर जयराम स्वप्नात गाडी चालवत होता. फोंडाघाट होता, धुकं होतं, पण धुक्याला तांदळाच्या पेजेचा वास येत होता. मागच्या सीटवर डॉक्टर पेपर वाचत होते. पानं उलटल्याचा आवाज मधूनमधून यायचा आणि जयरामला बरं वाटायचं. मग तो आवाज यायचा थांबला. “सायबानू?” त्याने हाक मारली. उत्तर नाही. मागे वळून बघायचं होतं, पण मान वळेना. घाट संपेना. इंजिनाचा आवाज हळूहळू बदलत गेला आणि त्याचा समुद्र झाला.

तो उठला तेव्हा उन्हं कलली होती. स्वप्न अंगावर ओल्या कपड्यासारखं चिकटलेलं. चूळ भरली, पण डोळ्यांतलं धुकं गेलं नाही. अर्धा घाटात, अर्धा खळ्यात, असा तो गाडीपाशी आला. बॅटरी उचलून जागेवर ठेवली, फुलं बाजूला केली. ठसठशीत लाल खुंटी दिसली. लाल तिकडे प्लस. त्याने वायर लावली. दुसरी खुंटी जरा लालसर वाटली, पण कुंकू सांडतंच इकडेतिकडे, असं त्याच्या मनाने त्याला सांगितलं आणि त्याने ते ऐकलं. दुसरी वायर टेकवली.

फाट्‌कन ठिणगी उडाली. बॉनेटखालून निळसर धूर वर आला आणि जळक्या लाखेचा वास सगळ्या खळ्यात पसरला. जयरामने वायर उपटून काढली. एवढ्याशा वेळात सगळं झालं होतं.

“काय झाला वो?” मथुरा दारात आली.

जयराम खुंट्यांकडे बघत होता. एक लाल. दुसरीही लाल. “ह्येका कुकू कोणी लायला?”

“मी लायलंय. एकीक आसा नी दुसरेक नाय, बरा दिसता तां?”

तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. मग त्याने श्रीपादची चिठ्ठी आणून लाल शाईवर बोट ठेवलं. मथुरेने पुन्हा वाचलं. सावकाश पायरीवर बसली. आत धोंडस तयार होऊन केळीच्या पानात बांधलेलं होतं. ती रडली नाही, फक्त पदराने कुंकवाची बोटं पुसत राहिली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. जयरामला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठेतरी हायसंही वाटलं. त्या हायशा वाटण्याची त्याला लाज वाटली.

बाबलीने धूर बघितला होता. तो सायकल मारत सांतानला घेऊन आला. सांतान साठीचा, टोपी तिरकी, बोटींवर राहून बोलणं वाऱ्यावर ओरडल्यासारखं. त्याने अल्टरनेटरला नाक लावून वास घेतला आणि छातीवर क्रूस काढला.

“गेलो. डायोड जळले. पुण्याक परत पाठवूक होयो.” मग खुंट्या बघून तो पोट धरून हसला. “सायबा! चाळीस वरसां इंजिनां बघलंय, पण बॅटरीक नवरी केलेली आजच बघतंय!”

“हस नको रे,” जयराम म्हणाला. “हिची भयण थंय वाट बघता. आता परत पार्सल, परत पत्र. दिवाळी जातली.”

सांतानचं हसू थांबलं. तो मथुरेकडे वळला. “वयनी, वेंगुर्ल्याक जावचा आसा तुमका?”

“हां.”

“मगे जावा फाल्या. सकाळी निघा, दिवसाउजेडी पोचा. ह्यो अल्टरनेटर नुसतो पट्टो फिरवूक रवांदे, तेची जाडी वायर मी सोडवन टेप मारतंय. बॅटरी फुल्ल आसा. दिवे लावू नकास, हॉर्न मारू नकास, वाटेत इंजिन बंद करू नकास. दिवसाच्या वक्ताक इंजिन बॅटरीतली कितीशी वीज खाता? मोठ्या पेजेच्या तोपातली एक पळी. थंय वेंगुर्ल्याच्या बाजारात रातभर चार्ज करा, परवा तशेच परत येवा. डायनॅमो नाय म्हणान गाडी रवता ती राती. दिवसाची कित्याक रवात?”

हे बोलून सांतान निर्मळपणे बॉनेटखाली वाकला आणि शीळ घालत वायर सोडवायला लागला. बाबलीसारखा बडबड्या माणूस, त्यालाही काहीतरी कळलं. “म्हशीक पाणी दाखवचा आसा,” म्हणून तो निघून गेला.

मथुरा जयरामकडे बघत होती. “तुमका म्हायत होता?” तिने विचारलं.

तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे माहीत नसेल? डॉक्टरांच्या वेळी एकदा डायनॅमो बिघडला होता, तेव्हा तो तीन दिवस असाच दिवसा गाडी फिरवत होता. नाचता येईना आणि अंगण वाकडं, ही म्हण मथुरेच्या ओठांवर आली असणार. पण ती म्हणाली नाही. न म्हणालेलं जास्त लागतं.

सांतान टेप मारून गेला. उन्हं समुद्रात उतरायला लागली. फिरायला जायची ही वेळ. जयराम सवयीने दार उघडायला गेला नाही, मथुराही उठली नाही. पायरीवर बसूनच ती म्हणाली, “दोन वरसां. माका तुमचो राग इलो हा. लय इलो हा.”

“येवकच होयो,” जयराम म्हणाला.

मग त्याने सांगितलं. सायबांना छातीत दुखायला लागलं म्हणून पहाटे कोल्हापूरला निघालो. फोंडाघाटात ते माझ्याशी बोलत होते. ‘जयराम, तुझ्या भाताचं काय’ म्हणून विचारत होते. मी भाताचं सांगत बसलो. सांगून झालं, मागून हूं नाही की चूं नाही. मला कळलं. पण मागे बघायचा धीर झाला नाही. तासभर तशीच गाडी चालवली, एकटाच बोलत, भाताचं, पावसाचं. राधानगरीच्या पुढे एका दवाखान्याच्या दारात कुणीतरी मागचं दार उघडलं, तेव्हा बघितलं.

“मगे डायनॅमो गेलो,” तो म्हणाला, “तर माका बरा वाटला. खरा सांगतंय मथुरा. माणसाक बसवन गाडी चालवूचीच भीती वाटता. तुका बसवलंय आणि तू गप्प झालंस तर?”

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. जयरामने दोन वर्षं ताक तोंडालाच लावलं नव्हतं, आणि बायकोलाही उपाशी ठेवलं होतं. मथुरेने हे ऐकलं. तिचा राग गेला नाही, तो तिथेच होता, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. त्या खेपेहून परतल्यावर हा माणूस आठ दिवस जेवला नव्हता, ते तिला आठवलं. मालकाचं दुःख, असं तिने तेव्हा समजून घेतलं होतं.

“फाल्या दसरो,” ती म्हणाली. “सकाळी निघतलंव. मी मागे बसतलंय.”

“मागे कित्याक? पुढे बस माझ्याकडे.”

“मागे,” मथुरा म्हणाली. “सायेब बसत होते थंय. मी बोलत रवतंय. बोलूचा थांबलंय, तर मागे वळान बगा. बगुकच होया तुमका.”

सकाळी सांतान आणि बाबलीने गाडीला धक्का दिला, बॅटरी वाचावी म्हणून. इंजिन पहिल्याच ढकलीत लागलं. मांडवाची चुडतं मागे गेली, गडगा मागे गेला, आणि जयरामच्या हातांना रस्ता लागला. ओळखीचाच रस्ता, रोज संध्याकाळी तोंडाने चालवलेला, पण आता त्याला खड्डे होते. बाजारात दुकानांना तोरणं लावायचं चाललं होतं. कुंभारमाठच्या चढणीला त्याने गिअर बदलला आणि गाडी खरोखर चढली.

मागे मथुरा बोलत होती. ती जे बोलत होती त्याला शेंडा ना बुडखा. भात पिवळं झालं आहे, कापायला आलं. यशोदा लहानपणी झाडावरून पडली होती. चौकेला कुणाच्या दारात केवढा मोठा तुळशीचा कट्टा. धोंडस मांडीवर जड लागतं आहे. जयराम हूं म्हणायचा. कट्टा गेलं, कसाल आलं. भज्यांच्या हॉटेलासमोरून जाताना ती म्हणाली, “आज थांबू नकास, इंजिन बंद होतला,” आणि स्वतःशीच हसली. वाऱ्याने केस उडत होते ते आरशात त्याला दिसत होतं, पण आरशातलं बघणं म्हणजे बघणं नव्हे, हे त्याला माहीत होतं. सायबांच्याही टोपीचा कोपरा आरशात दिसत होता.

भंगसाळीचा पूल आला. खाली नदी पावसानंतरची, भरलेली, हिरवट. कुडाळ मागे पडलं. गाडी वेंगुर्ल्याच्या रस्त्याला वळली आणि मागचं बोलणं थांबलं.

जयरामने थोडी वाट बघितली. इंजिनाचा आवाज येत होता. पट्ट्याची बारीक शिट्टी येत होती. मागून काही नाही. “मथुरा?” काही नाही. रस्ता समोर सरळ होता, दोन्ही अंगांना काजूची झाडं, ऊन-सावली काचेवरून सरकत होती, आणि त्याला वाटलं आपण ओसरीवरच आहोत, अजून उठलोच नाही. मान लाकडासारखी झाली. चालवत राहावं, असं त्याला वाटलं. बोलत राहावं, भाताचं, पावसाचं.

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं. आणि सीटच्या पाठीवर हात टाकून मागे वळून बघितलं.

मथुरा खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे गाल ओले होते. धोंडसाचं पान दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. तिने त्याच्याकडे बघितलं. “हंय मी चार वरसां येवकच नाय,” ती म्हणाली. “तुमच्या गाडीतून रोज कुडाळाकडनाच फिरत होतंव. पुढचो रस्तो बघतंय. बोलूक विसारलंय.”

जयराम तिच्याकडे बघत राहिला, पोटभर. मग पुढे वळला, नाक शिंकरलं आणि गाडी काढली. वाटेतल्या आडेलीपासून मात्र तोच बोलत सुटला, आणि मथुरेने हूं म्हणायचं काम केलं.

वेंगुर्ल्याला यशोदेचं घर चिंचोळ्या पाणंदीच्या टोकाला. खिडकीखाली गाडी लावून त्याने चावी फिरवली, तेव्हा इतका वेळ कानात भरलेला आवाज एकदम गेला आणि समुद्र ऐकू आला. त्याने मागचं दार उघडलं. मथुरेने एकेक पाय उचलून बाहेर ठेवला. घराचं दार उघडंच होतं, आतल्या खाटेवर यशोदा दाराकडे तोंड करून पडलेली. काही क्षण तिला खरं वाटेना. मग एक बारीकसा हात हवेत वर आला.

दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, ते जयरामने उंबऱ्याबाहेरून बघितलं. रडून झाल्यावर यशोदेने मथुरेच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, “चार वरसां गो मथुरे. पायांचा समाजलंय. पण गाडी तर दारात होती म्हणतत. दोन वरसां कित्याक येवक नाय?”

जयरामने मान खाली घातली. आता जे यायचं ते येऊ दे, असं त्याने मनाशी म्हटलं.

“गाडी बिघाडलेली,” मथुरा म्हणाली. “खंयच्या खंय बिघाड होतो गो, कोणाक गावी नाय. ह्यांनीच रातदिस खपान दुरुस्त केल्यानी.” मग तिने मान वळवून उंबऱ्याकडे हाक मारली, “अवो, भायर कित्याक रवलास? आत येवा. धोंडस खावया.”